वेलास्केझचा एक चेहरा, तीन आठवडे: कॉपी करून तैलरंगातलं पोर्ट्रेट कसं शिकावं

पहिली कॉपी करायला बसणाऱ्यांचा हात बहुतेक वेळा दोन ठिकाणी जातो: व्हर्मीरची मोत्याच्या डुलाची मुलगी, नाहीतर राजा रविवर्म्याची नऊवारीतली एखादी स्त्री. दोन्ही चित्रं पहिल्या खेपेला टाळावीत. व्हर्मीरच्या त्या चेहऱ्यावर एक टोन, म्हणजे उजळ-गडदपणाची एक पायरी, दुसऱ्यात कुठे विरतो ते कळतच नाही, आणि शिकणारा नुसता ब्रश फिरवत राहून गुळगुळीत फुगा तयार करतो. रविवर्म्याकडे जर, मोती आणि काठपदर इतका वेळ खातात की चेहऱ्याला दोन संध्याकाळी उरतात.

पहिल्या कॉपीसाठी चेहरा एकाच बाजूच्या उजेडातला, तीन-चतुर्थांश वळलेला आणि साध्या पार्श्वभूमीवरचा असावा. शिवाय चित्रकाराच्या ब्रशचे फटके दिसायला हवेत. या सगळ्यात बसणारं चित्र म्हणजे द्येगो वेलास्केझने १६५० साली रोममध्ये रंगवलेलं हुआन दे पारेखाचं पोर्ट्रेट. ८१.३ बाय ६९.९ सेंटीमीटरचं हे तैलचित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये ('मेट'मध्ये) आहे. पारेखा हा वेलास्केझच्या स्टुडिओत राबणारा गुलाम. त्याच वर्षी त्याच्या मुक्ततेचा दस्तऐवज झाला आणि पुढे तो स्वतः चित्रकार म्हणून उभा राहिला. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याचा सावळा, तांबूस-तपकिरी वर्ण. युरोपीय पद्धतीने शिकवलेली कातडीची मिश्रणं गुलाबी असतात आणि ती घेऊन घरच्या माणसाला रंगवायला बसलं की चेहरा पावडर फासल्यासारखा दिसतो. पारेखाच्या चेहऱ्यावर शिकलेली मिश्रणं विदर्भातल्या चेहऱ्यांना थोड्या फरकाने चालतात.

कॉपी म्हणजे कमीपणा, असं कोणी म्हणालं तर पेस्तनजी बोमनजींचं उदाहरण द्यावं. मुंबईच्या जे. जे. या कलाशाळेतून तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती झाल्या, त्या कामात ते होते, आणि पुढे उत्तम व्यक्तिचित्रकार झाले.

हक्कांचं थोडक्यात सांगायचं तर वेलास्केझ १६६० साली वारला, तिथे प्रश्नच नाही. भारतीय कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या चित्रकारांपैकी त्रिंदाद (मृत्यू १९३५) आणि धुरंधर (१९४४) मोकळे आहेत. सा. ल. हळदणकर १९६८ साली गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांच्या कॉप्या २०२८ संपेपर्यंत विकायच्या नाहीत.

छापील प्रत

मेटच्या संकेतस्थळावरून चित्राची मोठी फाइल विनामूल्य उतरवता येते. पूर्ण चित्र करायचं नाही. डोक्यावरच्या केसांपासून पांढऱ्या कॉलरच्या खालच्या कडेपर्यंतचा भाग कापून घ्या आणि फोटो लॅबमधून १२ बाय १६ इंचांवर मॅट कागदावर छापून घ्या. ग्लॉसी नको, कारण बल्बची चमक नेमकी सावलीच्या भागावर पडते आणि तिथले टोन दिसत नाहीत. कापल्यावर पिक्सेल कमी उरतात, पण इंचाला १५० मिळाले तरी काम भागतं. दुसरी प्रत कृष्णधवल काढा. ती पुढे रंगीत प्रतीइतकीच वापरात येते.

रंगीत प्रतीवर पारदर्शक प्लास्टिक शीट ताणून चिकटवा. रंग मिसळला की त्याचा ठिपका थेट त्या शीटवर, चेहऱ्याच्या त्या-त्या जागी लावून बघायचा. मिश्रण उजळ आहे की गडद, तांबूस आहे की हिरवट, हे एका नजरेत कळतं आणि पुसलं की शीट पुन्हा कोरी. मोबाइलच्या पडद्याकडे बघून रंग जुळवू नका. पडदा स्वतः उजेड फेकतो, कॅनव्हास फक्त परत पाठवतो, त्यामुळे पडद्याच्या मागे लागलं की रंगात पांढरा वाढत जातो.

छपाई मूळ रंगाशी तंतोतंत जुळत नाही, हे धरूनच चालायचं. जुळवायचं आहे ते नातं: कपाळ गालापेक्षा किती उजळ, कॉलर कपाळापेक्षा किती थंड. खऱ्या तैलरंगाचा पृष्ठभाग कसा असतो ते मात्र छपाईत कधीच दिसणार नाही. त्यासाठी शासकीय चित्रकला महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनात किंवा जिथे कुठे तैलचित्र टांगलेलं असेल तिथे जाऊन बाजूने, तिरप्या उजेडात बघा. उजेडाचा भाग जाड आणि सावली पातळ हा जुन्या पोर्ट्रेटकारांचा शिरस्ता समोर उभं राहिल्यावरच समजतो.

सामान

कॅनव्हास १२ बाय १६ इंच, सुती, बारीक विणीचा. तयार घेतला तरी त्यावर ॲक्रिलिक जेसोचे (रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात आडवे-उभे द्या आणि वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. स्वस्त कॅनव्हासवरचं अस्तर इतकं पातळ असतं की रंगातलं तेल खाली शोषलं जातं आणि काळपट, निस्तेज डाग पडतात. सुताराकडून चौकट करून घेणार असाल तर सागाच्या पट्ट्यांची आतली कड उतरती घ्यायला सांगा. कड सपाट राहिली तर महिन्याभरात कॅनव्हासवर चौकटीची रेघ उमटते. कोपऱ्यांना पाचर मारायची सोय हवी, कारण पावसाळ्यात कापड सैल पडतं.

रंग सातच: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, कॅडमियम रेड लाइट, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, आयव्हरी ब्लॅक आणि परमनंट अलिझरिन. निळा नको. काळा आणि पांढरा मिसळला की तांबूस रंगांच्या शेजारी तो निळसरच वाटतो. नागपुरात बर्डीवरच्या दुकानात 'फ्लेश टिंट' नावाची ट्यूब पुढे केली तर परत द्या. ट्यूबवरचे रंगद्रव्याचे क्रमांक वाचायची सवय लावा. अलिझरिनवर 'पीआर ८३' असेल तर तो रंग उजेडात उडतो. पांढऱ्यात 'पीडब्ल्यू ४' म्हणजे झिंक असेल तर तो पांढरा वाळल्यावर ठिसूळ होतो, आपल्याला निव्वळ 'पीडब्ल्यू ६' हवा. वेलास्केझचा पांढरा शिशाचा होता, उबदार आणि किंचित पारदर्शक. तो विषारी, म्हणून घरात नको. टायटॅनियम त्या मानाने थंड आणि दांडगा असल्यामुळे त्यात कायम चिमूटभर ऑकर घालूनच वापरायचा.

ब्रश: हॉग हेअरचे (डुकराच्या राठ केसांचे) फिल्बर्ट, म्हणजे चपटे पण टोकाला गोलसर, ८, ६ आणि ४ नंबर, प्रत्येकी दोन. एक उजेडाच्या रंगांना, एक सावलीच्या, आणि हे दोन कधी एकमेकांच्या ढिगात बुडवायचे नाहीत. जोडीला मऊ सिंथेटिक २ नंबर एकच. तो शेवटच्या दिवसापर्यंत डब्यातच राहू द्या.

तेलाबद्दल थोडं सविस्तर, कारण विदर्भात इथेच चूक होते. जवस आपल्याकडचंच पीक, घाणीचं तेल सहज मिळतं, मग तेच का नको? खाण्याच्या तेलातला चिकट अंश काढलेला नसतो, ते वाळायला फार वेळ घेतं आणि जास्त पिवळं पडतं. चटणीवर घ्यायचं तेल चटणीवरच घ्या आणि चित्रासाठी शुद्ध केलेलं लिनसीड ऑइलच आणा. हार्डवेअरच्या दुकानात सुटं मिळणारं 'तारपिन' बहुधा पेट्रोलियमचं असतं. घराला ऑइलपेंट द्यायला ते ठीक, चित्रात मिसळायला आर्टच्या दुकानातलं डिस्टिल्ड टर्पेंटाइन घ्या.

जागा, उजेड आणि कूलर

उत्तरेची खिडकी उत्तम, हे सगळीकडे वाचायला मिळतं. नागपूर २१ अंश अक्षांशावर असल्यामुळे त्यात एक मेख आहे. मेच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारचा सूर्यसुद्धा आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन आत येतं. त्या दिवसांत खिडकीला पांढरा पातळ पडदा लावा, नाहीतर ५००० केल्विनचा, सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९०च्या वरचा एलईडी दिवा वापरा. छापील प्रत आणि कॅनव्हास यांच्यावर एकच उजेड पडला पाहिजे. एकावर दिवा आणि दुसऱ्यावर खिडकी असली की रंग कधीच जुळत नाहीत.

उन्हाळ्यात कूलर बंद ठेवून काम होणार नाही. पण कूलरचा झोत इझलवर (कॅनव्हास उभा करायच्या घोडीवर) आला तर पाण्याचे बारीक कण आणि धूळ ओल्या रंगावर बसते, म्हणून झोत पाठीमागून किंवा भिंतीकडे वळवा. हवा बाहेर जायला दुसरी खिडकी उघडी हवीच, कूलरसाठीही आणि टर्पेंटाइनच्या वाफेसाठीही. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, ट्यूब उघडली की आधी तेल ओघळतं. ते टिपकागदावर घ्या, पुन्हा ट्यूबमध्ये ढकलू नका. पॅलेटवरचा रंग चार-पाच तासांत साय धरायला लागला तर पांढरा सोडून बाकीच्या ढिगांत काडीच्या टोकाने लवंग तेलाचा एक थेंब मिसळा. जास्त घातलं तर रंग आठवडाभर चिकट राहतो.

चिंध्यांबाबत मात्र हयगय नको. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि उष्णता सोडतं. तेल लागलेल्या चिंध्यांचा बोळा बंद डब्यात किंवा कोपऱ्यात पडून राहिला तर तो आपोआप पेट घेऊ शकतो, आणि ४५ अंशांच्या खोलीत धोका वाढतोच. काम संपलं की चिंध्या पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका, किंवा बाहेर एकेक पसरून पूर्ण वाळवा.

पहिली बैठक: जमीन आणि रेखाटन (३ तास)

आदल्या रात्री कॅनव्हासवर रॉ अंबरात किंचित काळा घालून, टर्पेंटाइनने चहासारखा पातळ करून, मोठ्या ब्रशने फासा आणि कापडाने पुसून घ्या. खूप उजळही नाही आणि गडदही नाही, असा करडा-तपकिरी रंग उरायला हवा. हीच चित्राची 'जमीन'. पांढऱ्या कॅनव्हासवर प्रत्येक मधला टोन काळाकुट्ट वाटतो आणि माणूस घाबरून सगळं चित्र फिकट रंगवतो. या जमिनीवर ती भीती राहत नाही.

छापील प्रत आणि कॅनव्हास शेजारी-शेजारी, एकाच उंचीवर उभे करा. आकार सारखाच असल्यामुळे मापं सरळ आडवी नेता येतात. फरशीवर खडूने खूण करा, इझलपासून सहा फुटांवर. बघायचं तिथूनच. बघा, चालत जा, एक खूण करा, परत या. पाय दुखतात, पण डोळा तयार होतो. चौकटी आखून कॉपी करण्याची सवय एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या दिवसांपासून बऱ्याच जणांना असते. इथे ती सोडा. चौकटीत रेघ बरोबर येते, पण ती का बरोबर आली ते कळत नाही, आणि पुढे जिवंत माणसावर चौकटी आखता येत नाहीत.

दोऱ्याला छोटं वजन बांधून ओळंबा करा. प्रतीसमोर धरा: डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून खाली सोडलेली रेघ नाकपुडीला कुठे शिवते, ओठांच्या कोपऱ्याला कुठे, कॉलरला कुठे? आधी डोक्याची सर्वांत वरची आणि हनुवटीची खालची खूण, मग रुंदी, मग डोळ्यांची रेघ. डोळे, नाक, ओठ अजून काढायचे नाहीत. सावलीच्या आकारांच्या कडा काढायच्या: भुवईखालची सावली, नाकाच्या बाजूची, मिशीखालची, जबड्याची. पातळ अंबरने, ४ नंबर ब्रशने, सरळ तुकड्यातुकड्यांच्या रेघांनी. गोलाई नंतर.

हमखास होणाऱ्या चुका तीन. डोळे फार वर जातात, कारण कपाळाला आपण महत्त्व देत नाही. दूरच्या बाजूचा डोळा जवळच्याइतका मोठा होतो, खरं तर वळलेल्या चेहऱ्यात तो अरुंद दिसतो. आणि डोक्याचा मागचा भाग कापला जातो, त्यामुळे केसांच्या वजनाला जागा उरत नाही. तपासायला प्रत आणि कॅनव्हास आरशात बघा, मग दोन्ही उलटे करून बघा. चूक असेल तर कापडाने पुसा. अंबर ओलं असेपर्यंत पुसणं फुकट आहे, पुढच्या बैठकीपासून प्रत्येक दुरुस्ती महाग पडते.

दुसरी बैठक: अंबरातला चेहरा (२ ते ३ तास)

आता कृष्णधवल प्रत समोर. रॉ अंबर थोड्या टर्पेंटाइनसह सावल्यांवर लावा, उजेडाची जागा कापडाने पुसून जमीन उघडी करा. फक्त पाच टोन: सर्वांत गडद केस, सावली, मधला, उजेड, आणि कॉलर. डोळे बारीक करून बघा. बारीक केल्यावर जे दोन टोन एक होतात ते एकच समजायचे. सावलीच्या आत दिसणारा परावर्तित उजेड कितीही मोह पाडो, तो सावलीतच राहतो, उजेडाच्या टोनला कधी गाठत नाही.

या थरात तेल घालायचं नाही. अंबर मुळात लवकर वाळतं. एप्रिल-मेमध्ये हा थर दुसऱ्या दिवशी हाताला कोरडा लागतो, जुलै-ऑगस्टमध्ये तीन-चार दिवस द्या. इथे आयव्हरी ब्लॅक जाड लावण्याचा मोह टाळा. तो फार सावकाश वाळतो, वरचा थर आधी कडक होतो आणि मग भेगा जातात.

तिसरी आणि चौथी बैठक: रंग (प्रत्येकी ३ तास)

रंगवण्याआधी चाळीस मिनिटं फक्त पॅलेट नाइफने रंग मिसळण्यात घालवा. तीन मुख्य ढीग करा, प्रत्येक सुपारीएवढा. मापं अंदाजाची आहेत, शेवटी शीटवरचा ठिपका सांगेल तेच खरं.

उजेड: ऑकर २ भाग, पांढरा २, बर्न्ट सिएना १, कॅडमियम रेड पाव. मधला: ऑकर २, बर्न्ट सिएना २, लाल अर्धा, पांढरा अर्धा, काळा पाव. सावली: बर्न्ट सिएना २, रॉ अंबर २, काळा अर्धा, अलिझरिन पाव, आणि पांढरा अजिबात नाही. सावलीत पांढरा गेला की चेहरा पिठूळ होतो, ही नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक. मग शेजारच्या दोन-दोन ढिगांमधून अर्धा-अर्धा घेऊन मधले दोन. झाले पाच. बाजूला हरभऱ्याएवढा एक करडा ढीग: काळा, पांढरा आणि ऑकर. हा हिरवट करडा उजेड सावलीकडे वळतो त्या पट्ट्यात, कानशिलाजवळ आणि दाढीच्या कडेला थोडासा लागतो. सगळी तपकिरी कातडी त्याच्यामुळे जिवंत होते. तो नसला तर चेहरा मातीच्या भांड्यासारखा एकसुरी दिसतो.

सावलीपासून सुरुवात करा, पातळ लावा, अंबरचा थर आतून जाणवू द्या. मग मधला, मग उजेड, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जाड. एका जागी एक फटका मारा आणि ब्रश उचला. तो चुकला तर नाइफने खरवडून पुन्हा मारा, वरून घासत बसू नका. तिसऱ्यांदा घासलेला रंग चिखल होतो, कारण खालचा ओला टोन वर येऊन मिसळतो. ब्रश मागच्या टोकाला धरा, मनगट मोकळं राहतं.

इथे एक सापळा आहे. वेलास्केझचा फटका जवळून नुसता डाग वाटतो, सहा फुटांवरून नाकाचं हाड होतं. शिकणारे त्या डागाचा आकार हुबेहूब उतरवतात आणि हाड येत नाही. प्रत्येक फटक्याआधी विचारा: इथे कोणता पृष्ठभाग वळला? कपाळ पुढून बाजूला वळलं, गाल खाली वळला, नाकाचा शेंडा वर आला. उत्तर मिळालं तर फटका थोडा वेगळा पडला तरी चालतो.

कडांवर पूर्ण चौथी बैठक गेली तरी ती वाया नाही. केस आणि पार्श्वभूमी जिथे मिळतात तिथे कड ओल्यात ओली पुसट ठेवा, कोरड्या ब्रशने एकदाच ओढा. कॉलर आणि जबड्याची सावली यांच्यातली कड सर्वांत धारदार. पार्श्वभूमी, तो हिरवट करडा, चेहऱ्याबरोबरच रंगवायची. शेवटी भरली की डोकं कापून चिकटवल्यासारखं दिसतं.

तेलाचा हिशेब: पहिल्या थरात फक्त टर्पेंटाइन, दुसऱ्यात रंग ट्यूबमधून निघेल तसा, तिसऱ्यात एक भाग लिनसीड आणि दोन भाग टर्पेंटाइन. वर जाताना तेल वाढत गेलं पाहिजे. उलट झालं तर खालचा तेलकट थर वाळत असताना हलत राहतो आणि वरचा कोरडा थर तडकतो.

पाचवी बैठक: कॉलर, डोळे, थांबणं

आधीचा थर हाताला कोरडा झाल्यावर निस्तेज पडलेल्या जागी बोटाने लिनसीडचा अगदी पातळ हात फिरवा आणि कापडाने पुसा. खरा टोन परत दिसतो. हे न करता रंग जुळवला तर तो उजळ निघतो.

कॉलर पांढरी आहे असं वाटतं. शीटवर निव्वळ पांढऱ्याचा ठिपका लावून बघा, तो बोंबलेल. बहुतेक कॉलर करडी आहे: पांढरा, थोडा काळा, चिमूटभर ऑकर. जवळजवळ निव्वळ पांढरा फक्त कडेच्या लेसवर, मोजक्या जाड ठिपक्यांत. डोळ्यांतला पांढरा भागही असाच फसवतो. तो मधल्या ढिगापेक्षा जेमतेम उजळ आणि करडा असतो. बुबुळातली चमक सर्वांत शेवटी, त्या २ नंबर ब्रशने, एका टिंबात. केसांच्या बटा मोजू नका. एकच गडद आकार, त्यावर चार-पाच उजळ वळणं.

वाळल्यावर मागे 'वेलास्केझवरून' असं लिहून नाव आणि तारीख टाका. वॉर्निश सहा महिन्यांच्या आत नाही, जाड भाग असतील तर वर्षभर थांबा, आणि पावसाळ्यात मुळीच लावू नका, दमट हवेत ते दुधाळ होतं. तोवर चित्राचं तोंड भिंतीकडे करून अंधारात कोंडू नका, अंधारात जवसाचं तेल जास्त पिवळं पडतं. जुलैत भिंतीपासून दोन बोटं अंतर ठेवा, मागून बुरशी धरते.

त्याच आठवड्यात पुढचं काम

पॅलेटवरचे पाच ढीग अजून लक्षात असतानाच घरातल्या कोणाला तरी, आजोबा किंवा काकू, जे तासभर बसतील त्यांना, पारेखासारख्याच एका बाजूच्या उजेडात बसवा. कॅनव्हास ९ बाय १२, जमीन तीच, वेळ दोन तास. वर्ण उजळ असेल तर सिएना निम्मी करून ऑकर आणि पांढरा वाढवा. काळासावळा असेल तर उजेडाच्या ढिगातला पांढरा अर्ध्यावर आणा आणि चमक थंड ठेवा, कारण गडद कातडीवर आकाशाचा निळसर उजेड जास्त स्पष्ट दिसतो. सावलीचा ढीग दोघांनाही जवळपास तोच चालतो. कॉपी शेजारी लावून ठेवा आणि अडलं की आधी तिच्याकडे बघा, पुस्तकाकडे नाही.